भिंतीवरची होडी आणि माझं जातं

दुपारची भांडी आवरली असतील. नसतील तर रेडिओ ओट्यावर ठेवा आणि ऐकत ऐकत आवरा.

आपल्यापासून समुद्र रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या वर आहे. तरी आज मी बोलणार आहे ती समुद्रावरच्या वस्तूंबद्दल. होडी, जाळं, जहाजाचा कंदील, काचेचे गोळे. तुम्ही म्हणाल, या बाईला झालंय काय? आपल्याला माहीत असलेलं मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण! थोडं थांबा, विषय शेवटी आपल्या घरातच येणार आहे.

झालं असं की माझ्या बहिणीच्या मुलानं रस्त्याच्या कडेला हॉटेल काढलं. पुढं फॅमिली गार्डन, मागं परमिट रूम. उद्घाटनाला बोलावलं, म्हणून मी सात वर्षांच्या नातीला घेऊन गेले. आत पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. छताला मासे धरायचं जाळं. भिंतीवर अर्धी कापलेली होडी, तिच्या दोन्ही बाजूंना वल्ही. सुकाणूचं लाकडी चाक, पितळी दिसणारे कंदील, पांढरी-लाल रिंग. कोपऱ्यात बांबूची झोपडी आणि तिच्या दारात लाकडाचा एक मोठा चेहरा. डोळे वटारलेले, दात विचकलेले. नात माझ्या पदराआड लपली आणि विचारती, "आजी, इथं समुद्र हाय का? आणि हा राक्षस कोणाय?"

मी भाच्याला विचारलं, "अरे, हा कोण रे?"

तो म्हणाला, "मावशी, ते टिकी. डेकोरेशनवाल्यानं मोबाईलवर फोटो दाखवले, मी म्हणलं लावा. मला तरी कुठं माहितीय!"

माझ्या मनात ते राहिलं. भाची मुंबईला नोकरी करते, तिला फोन लावला. तिनं बरंच सांगितलं, काही मी वाचलं. तेच आज तुम्हाला सांगते.

या सजावटीची सुरुवात झाली अमेरिकेत. १९३३ साली तिथली दारूबंदी उठली. त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये अर्नेस्ट गँट नावाच्या माणसानं एक लहानसं मद्यगृह काढलं, 'डॉन द बीचकोंबर'. बीचकोंबर म्हणजे समुद्राच्या काठी वाहून आलेल्या वस्तू वेचत हिंडणारा. गँट तरुणपणी प्रशांत महासागराच्या बेटांवर फिरलेला. त्यानं बांबू, चटया, जाळी, तुटक्या बोटींचे भाग असं सगळं लावून टाकलं. पुढच्याच वर्षी, १९३४ साली, ओकलंड गावात व्हिक्टर बर्जेरॉन यानं दुकान काढलं, ते पुढं 'ट्रेडर व्हिक्स' नावानं गाजलं. या व्हिक्टरचा एक पाय लहानपणी आजारात गेलेला. पण गिऱ्हाइकाला तो सांगायचा की पाय शार्क माशानं खाल्ला! म्हणजे भिंतीवरच्या वस्तूंसारखी गोष्टसुद्धा शोभेची.

लोकांना ते इतकं का आवडलं? त्या वेळी अमेरिकेत मोठी मंदी होती. कामं नव्हती, माणूस गांजलेला. तासभर का होईना, दूरच्या बेटावर गेल्यासारखं वाटायचं. नंतर दुसरं महायुद्ध झालं. हजारो अमेरिकन शिपाई त्या बेटांवर जाऊन लढून आले आणि घरी आल्यावर लढाईच्या आठवणींपेक्षा नारळाच्या झाडांच्या आठवणी काढायला लागले. मग १९५० नंतर गावोगावी अशी मद्यगृहं निघाली. त्यांनाच 'टिकी बार' म्हणतात.

आपल्या मुंबईतही हे वारं आलं होतं. नरिमन पॉइंटला ओबेरॉय टॉवर्स हॉटेल १९७३ साली उघडलं. तिथं 'आउटरिगर' नावाचं पॉलिनेशियन रेस्टॉरंट होतं. पॉलिनेशिया म्हणजे हवाई, ताहिती, सामोआ, टोंगा, न्यूझीलंड अशा बेटांचा तो सगळा मुलूख. आणि आउटरिगर म्हणजे काय? अरुंद होडीच्या बाजूला, थोड्या अंतरावर, दोन आडव्या काठ्यांनी बांधलेला लाकडाचा ओंडका. तो पाण्यावर तरंगतो, म्हणून होडी कलंडत नाही. आपण लेकरू कडेवर घेतलं की दुसरा हात आपोआप बाहेर जातो ना, तोल सांभाळायला? तसंच ते. आणि गंमत बघा, हीच वस्तू आपल्या कोकणात आहे. मालवणकडं तिला उलांडी म्हणतात. मुंबईच्या मोठ्या हॉटेलानं जे नाव परदेशातून आणलं, ती वस्तू आपल्याच मराठी मुलखात मासेमार वापरत होते, आणि तिला मराठी नावही होतं.

आता भिंतीवरच्या एकेका वस्तूकडं बघू.

टिकी बारमध्ये जाळ्यात अडकवलेले हिरवे-निळे काचेचे गोळे टांगलेले असतात. दिसायला फार सुंदर. पण ते शोभेसाठी जन्मले नाहीत. जाळं पाण्यात बुडू नये म्हणून त्याला तरंगणारं काहीतरी बांधावं लागतं. धरणावर आपले मासेमार थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या बांधतात. नॉर्वे देशात एकोणिसाव्या शतकात त्यासाठी काचेचे पोकळ गोळे करायला लागले. नंतर जपाननं केले. कारागीर तोंडानं फुंकून गोळा फुगवायचा आणि भोक काचेच्याच गोळीनं बंद करायचा. काच बहुतेक जुन्या दारूच्या बाटल्या वितळवून केलेली, म्हणून रंग हिरवट. वरून दोरीची जाळी विणायची. वादळात जाळी तुटायची आणि हे गोळे प्रवाहाबरोबर हजारो किलोमीटर वाहत अमेरिकेच्या किनाऱ्याला लागायचे. तिथल्या लोकांनी ते वेचून घरात ठेवले, बारमध्ये टांगले. म्हणजे अमेरिकेतल्या बारमध्ये चमकणारा एकेक गोळा म्हणजे जपानकडच्या कुण्या मासेमाराचं तुटलेलं जाळं. त्या दिवशी त्याच्या घरी काय शिजलं असेल, हे त्या गोळ्याकडं बघून कळत नाही.

जहाजावरचे कंदील पितळेचे किंवा तांब्याचे असायचे, कारण खाऱ्या पाण्यानं लोखंड गंजतं. शिवाय लोखंड जवळ असलं की होकायंत्राची सुई फिरते. डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. अंधारात समोरच्या जहाजाला कळावं की हे कोणत्या दिशेनं चाललंय आणि टक्कर होऊ नये. भाच्याच्या हॉटेलात दोन्ही दिवे लाल आहेत. समुद्रात असते तर कठीण होतं!

या खऱ्या वस्तू येतात कुठून? जहाजं मोडतात तिथून. गुजरातमध्ये भावनगरजवळ अलंगला १९८३ पासून मोठमोठी जहाजं किनाऱ्यावर चढवून तोडतात. तिथल्या रस्त्याला जहाजातल्या खुर्च्या, दारं, रिंगा, भांडी विकणाऱ्या दुकानांची रांग आहे. मुंबईत दारूखान्याला जहाजं मोडायचं काम चालतं. नावावर जाऊ नका, तो दारू म्हणजे बंदुकीच्या दारूचा खाना. आपली पहिली विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत', १९७१ च्या लढाईतली, १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षं तिचं संग्रहालय होतं आणि २०१४ साली ती दारूखान्यालाच मोडली. तिच्या पोलादातलं थोडं पोलाद घालून बजाजनं २०१६ साली 'व्ही' ही मोटारसायकल काढली. आपल्या रस्त्यावरूनही ती गाडी गेलेली असेल. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला जहाजाचे कंदील आणि गोल खिडक्या मिळतात. खरे थोडे, नवे करून जुने दाखवलेले जास्त.

पत्रा कापणारा मजूर मात्र कुठल्या दुकानात दिसत नाही. गॅसकटरनं जहाज कापताना आग लागते, वरून पत्रा पडतो, जुन्या जहाजातलं ॲस्बेस्टॉस छातीत जातं. पोटासाठी गाव सोडून गेलेली माणसं ती. कोयता घेऊन दरवर्षी गाव सोडणाऱ्या आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आता बाईची गोष्ट. टिकी बारच्या भिंतींना चटया आणि एक तपकिरी नक्षीचं कापड लावतात. त्या चटया केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांच्या. आपल्याला केवडा माहीत तो गौरी-गणपतीच्या वासाचा. त्या बेटांवर त्याची पानं सुकवून, चिरून, विणायच्या त्या बहुतेक बायाच. आणि त्यांनी विणलेल्या चटयांचीच होड्यांना शिडं लावायचे. म्हणजे पुरुष ज्या होडीतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेले, त्या होडीला वारा धरून दिला तो बायांच्या हातांनी. ते तपकिरी कापड म्हणजे टापा. तुतीच्या जातीच्या एका झाडाची आतली साल काढायची, भिजवायची, लाकडी मोगरीनं तासन्‌तास कुटायची, पातळ झाली की तुकडे जोडायचे. लग्नात, मयतीत, पाहुण्याच्या मानपानात ते कापड द्यायचे. आपलं लुगडं-चोळीचं देणं-घेणं असतं तसंच. बारच्या भिंतीला लावताना हे सांगायला तिथं कोणी नसतं.

होड्यांचं म्हणाल तर ही माणसं होकायंत्राशिवाय तारे, लाटा आणि पक्षी बघून महासागर ओलांडायची. पुष्कळ विद्वानांना हे खरं वाटत नव्हतं. मग १९७६ साली 'होकुलेआ' नावाची जुन्या पद्धतीची जोडहोडी हवाईहून ताहितीला निघाली. मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माऊ पिआइलुग वाट दाखवायला होते. यंत्र नाही, नकाशा नाही. सुमारे चार हजार किलोमीटर जाऊन ती होडी बरोबर पोचली. ताहितीच्या किनाऱ्यावर हजारो लोक तिला बघायला आले. कारण आपल्या आजोबा-पणजोबांचं शहाणपण खोटं नव्हतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं.

आणि नातीला घाबरवणारा तो चेहरा? तो राक्षस नाही. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या कथांत टिकी म्हणजे पहिला पुरुष. दुसऱ्या बेटांवर अशा मूर्ती देवांच्या, पूर्वजांच्या. हवाईमध्ये १८१९ साली जुना धर्म राजघराण्यानंच मोडला आणि देवळं पाडली, कितीतरी मूर्ती जाळल्या. पुढच्या वर्षी मिशनरी आले. शंभरएक वर्षांनी अमेरिकन बारवाल्यांनी त्याच चेहऱ्यांचे खांब केले, मग मातीचे पेले केले आणि त्यात दारू ओतून गिऱ्हाइकापुढं ठेवली. आपल्या देवघरातल्या टाकाचा कोणी दारूचा पेला केला तर आपल्याला कसं वाटेल? मी नातीला एवढंच सांगितलं, "तो कोणाच्या तरी देव्हाऱ्यातला हाय. घाबरू नको. पण त्याला राक्षस म्हणू नको."

आता आपल्या घरात येते.

माझ्या सासूबाईंचं, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो, काळ्या दगडाचं जातं होतं. गिरणी आली, जातं माळवदाखालच्या कोपऱ्यात गेलं. आत्या गेल्या. नंतर घर बांधायला काढलं तेव्हा दारात टेम्पोवाला आला, जुनी जाती-पाटे घेणारा. अडचण होत होती, म्हणून मी दोनशे रुपये आणि प्लास्टिकच्या एका खुर्चीवर ते देऊन टाकलं. खुर्ची दुसऱ्या उन्हाळ्यात मोडली.

दोन वर्षांनी एका लग्नाला गेलो होतो, तिथून येताना एका ढाब्यावर थांबलो. तिथं गवतावर ओळीनं जाती मांडलेली, वर मनीप्लांटच्या कुंड्या. त्यात आमचं जातं. ओळखलं कसं? वरच्या तळीचा एक टवका उडालेला होता, माझ्याच हातनं लग्नाच्या पहिल्या वर्षी. त्यावरून खाल्लेलं बोलणं मी अजून विसरले नाही. मी मालकाला म्हणलं, "दादा, हे आमचं हाय, परत द्या, पैसे देते." तो अडीच हजार म्हणाला. माझ्याकडं नव्हते, आणि असते तरी घरात काय सांगितलं असतं? तशीच गाडीत येऊन बसले.

ढाबेवाल्याला मी दोष देत नाही. त्यानं विकत घेतलं. विकलं मी. पण दोनशे रुपयांत काय गेलं ते मला तिथं कळलं. आत्या पहाटे दळताना ओव्या म्हणायच्या. माहेर, पाऊस, मेलेला लेक, सगळं त्यात यायचं. एकही ओवी मी लिहून घेतली नाही.

काही लोकांनी मात्र हे काम केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या बायांनी महाराष्ट्रातल्या लाखभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायाही आहेत. १९९६ साली त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. बाबासाहेबांवरच्या त्यांच्या ओव्या आज मोबाईलवर ऐकता येतात. माजलगाव आपल्यापासून किती लांब आहे? त्या बायांचा आवाज राहिला. माझ्या आत्याचा राहिला नाही.

म्हणून आमच्या बचत गटात आम्ही एक ठरवलंय. जुनी वस्तू विकू नका असं मी कोणाला म्हणणार नाही. घरात जागा नसती, पैशाची नड असती. पण टेम्पो दारात आला की लगेच हो म्हणू नका. दोन ठिकाणी किंमत विचारा. मोबाईलवर फोटो काढा. ती वस्तू कोणाची, कशाला वापरायची, हे म्हाताऱ्या माणसाला विचारून त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करा. ओवी येत असेल तर म्हणायला लावा. "मला काय येतंय," असं आधी म्हणतात. चहा ठेवा, मग येतं.

आणि शेवटची गोष्ट, ही सगळ्यात महत्त्वाची. भाच्याच्या हॉटेलातली ती पांढरी-लाल रिंग. जहाजावर ती माणूस पाण्यात पडला तर फेकायला असते. मी जवळ जाऊन दाबून बघितली, तर अंगठा आत गेला. पातळ थर्माकोल, वरून कापड, आणि भिंतीला स्क्रूनं पक्की आवळलेली. हॉटेलाच्या मागंच त्याचं शेततळं आहे. कामगारांची लेकरं तिथंच खेळतात. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद किती निसरडा असतो, तुम्हाला माहीत आहे. एकदा आत घसरलं की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

मी म्हणलं, "बाळा, बुडणाऱ्याला वाचवायची वस्तू तू भिंतीला टांगलीस आणि तळं तसंच ठेवलंस!" बाकीच्या माझ्या बोलण्यावर तो हसला होता. यावर हसला नाही.

आठ दिवसांनी गेले तर तळ्याला तारेचं कुंपण होतं. चारी बाजूंना खांब रोवून जाड दोर आत सोडलेले, हाताला धरता यावेत म्हणून हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या. दोन टायरच्या ट्यूब हवा भरून दोरीला बांधलेल्या. तुमच्या शेतात तळं असेल तर एवढं आजच करा. ट्यूब नसेल तर तेलाचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून दोरीला बांधा, तोही तरंगतो. कोणी पडलं तर मागोमाग उडी मारू नका, एकाच्या जागी दोघं जातात. आधी ओरडा, दोर फेका, ट्यूब फेका, साडी फेका.

तो लाकडी चेहरा अजून हॉटेलात आहे. काढून टाक असं मी भाच्याला म्हणले नाही, पैसे गेलेत त्याचे. पण परमिट रूमच्या दारातून उचलून त्यानं तो पुढं झाडाखाली ठेवलाय. परवा नात गेली होती, तिनं त्याच्यापुढं दोन जास्वंदीची फुलं ठेवली म्हणे.

तुमच्या घरातल्या जात्याची, उखळाची, मोटेच्या नाड्याची गोष्ट असेल तर आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ती तुमच्याच आवाजात ऐकू. रामराम.